गळ्याआतली रेघ

शालनताई उपाध्यांच्या गळ्यातून तीन वर्षांत एकही सूर उमटला नव्हता, आणि तरीही त्या सकाळी, सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, ऋजुता मगदूमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचा षड्ज दिसला.

ऐकू आला नाही, दिसला. पडद्याच्या डाव्या कडेला एक निळी रेघ उगवली, थोडी थरथरली, आणि तानपुऱ्याच्या सुराशी जाऊन स्थिर बसली. ऋजुता इतक्या झटक्याने उठली की खुर्ची मागच्या मागे आडवी झाली. तेहतीस वर्षांची बाई, सॉफ्टवेअर कंपनीत जबाबदारीच्या जागेवर, घरी सासूलासुद्धा शिस्त लावणारी. पण त्या क्षणी ती हॉलमध्ये एक गिरकी मारून आली आणि शालनताईंच्या पायाशी बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"ताई, आता रिषभ घ्या," ती म्हणाली. "मनातच."

शालनताईंनी डोळे मिटले. ओठ हलले नाहीत, श्वास बदलला नाही, आणि रेघ एक पायरी चढली.

ऋजुता आठ वर्षांची असल्यापासून शालनताईंकडे शिकत होती. शालनताई फार नावाजलेल्या नव्हत्या. आकाशवाणीवर गायल्या, मिरजेच्या उरुसात गायल्या, बाकी सगळं आयुष्य दुसऱ्यांचे गळे घडवण्यात गेलं. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडची गाठ काढताना स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसांना इजा झाली. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजता येत होतं, तेवढंच. त्यांनी शिकवणी बंद केली आणि तानपुऱ्यांवर गवसण्या चढवल्या. गळा नसताना गाणं शिकवायचं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं, असं त्यांचं म्हणणं. बेंगळुरूचा मुलगा सन्मती 'आई, तिथं एकटी बसून काय करणार?' म्हणून मागे लागला होता, आणि दिवाळी झाली की जायचं असं ठरूनही गेलं होतं.

आणि ऋजुताची तोडी अर्धी राहिली होती. तोडी अर्धी राहणं ही काही कुणापुढे रडण्यासारखी आपत्ती नव्हे. कचेरी त्यासाठी रजा देत नाही आणि शेजारी डबा आणून देत नाहीत. पण ऋजुताला मात्र रोज सकाळी आंघोळीच्या वेळी ती अर्धी तोडी आठवायची, आणि पुढचं कुणाकडे मागावं हे कळायचं नाही. ताई बेंगळुरूला गेल्या की ते कायमचं तसंच राहणार होतं. तिला तालीम परत हवी होती, बाकी काही नको होतं.

ती काम करायची 'स्वरटाक' नावाच्या सॉफ्टवेअरवर. टाक म्हणजे जुन्या काळची, दौतीत बुडवून लिहायची लेखणी. तुम्ही गायचं, वाजवायचं, आणि टाकाने ते लिहून काढायचं. कुणाला सरगम हवी, कुणाला पाश्चात्त्य पाच रेघा हव्यात, तबलजीला बोल हवेत. ऋजुताकडे होता लिपींचा विभाग. वसईच्या चर्चमधल्या गायकवृंदाला पाच रेघांचं सरगमीत हवं असायचं. इस्लामपूरचा एक बँडमास्तर ट्रंपेटच्या कळांचे आकडे लिहून चाली पाठ करून घ्यायचा. त्याच्यासाठी तिने आकड्यांची लिपी करून दिली होती. ज्याची जशी अक्कल तशी लिपी, असं तिचे मालक चौगुले गमतीने म्हणायचे. ऋजुताला ते वाक्य मनापासून पटायचं.

गळ्याची कल्पना तिला सुचली ती डॉक्टर नेर्लेकरांच्या दवाखान्यात, ताईंच्या तपासणीच्या वेळी. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं की आवाजाला दोन कामं लागतात. स्वरतंतू एकमेकांजवळ आणायचे, हे एक. आणि त्यांना ताणून स्वर चढवायचा, हे दुसरं. पहिल्या कामाची नस वेगळी, दुसऱ्या कामाची वेगळी. ताईंची पहिली गेली होती. दुसरी शाबूत होती.

"म्हणजे ताईंनी मनात गायलं तर?" ऋजुताने विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मनात वाचताना लहान मुलांचे ओठ हलतात की नाही, तसंच मनात गाताना ताण देणारा तो चिमुकला स्नायू किंचित आवळतो, असं ते म्हणाले. डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण स्नायू आवळला म्हणजे त्यात वीज खेळली, आणि वीज खेळली म्हणजे ती मोजता येते.

पुढे सगळं भराभर झालं. गळ्याला बांधायची मऊ कापडी पट्टी, तिच्यात वीज टिपणारे बारीक ठिपके. तानपुऱ्यावर आणि पेटीवर एकेक सूर लावायचा, ताईंनी तो मनात धरायचा, आणि कोणत्या सुराला स्नायू किती आवळतो हे टाकाने शिकून घ्यायचं. पेटीच्या एका सप्तकाएवढं शिकल्यावर मधलं आणि पुढचं त्याचं त्यालाच उमगू लागलं. चौगुले म्हणाले, हे तर मनातले मांडे पानात वाढायचं यंत्र झालं. आणि पट्टी हा शब्द गाण्यातही असल्यामुळे, म्हणजे गाणारा आपला षड्ज ज्या उंचीवर धरतो तीही पट्टीच, 'ताईंची पट्टी कुठली?' या प्रश्नाला दोन उत्तरं मिळू लागली. एक 'काळी चार', आणि दुसरं 'चार्जिंगला लावलीय'.

षड्ज दिसला, रिषभ दिसला, आणि गंधारावर सगळं अडलं.

तोडीचा गंधार पेटीवर मिळत नाही. तो पेटीतल्या कोमल गंधाराहून किंचित खाली असतो, आणि एका जागी बसून राहत नाही. रिषभाकडे झुकत, हलत राहतो. टाकाला बारा सुरांच्या बारा चौकटी ठाऊक होत्या. त्याने ताईंचा गंधार जवळच्या चौकटीत ढकलून ठेवला आणि त्याखाली छापील, सुबक 'ग' काढला. शालनताईंनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला.

"हा पेटीचा आहे," त्या कुजबुजल्या. "माझा नव्हे. काढ ही पट्टी."

आणि त्यांनी स्वतःच मागचा बंद सोडला.

ऋजुता घरी गेली ती जेवली नाही. तिला राग ताईंचा नव्हता, स्वतःचा होता. दुनियेच्या लिप्या जुळवणारी बाई, आणि आपल्या गुरूचा गंधार लिहायला हिच्याकडे अक्षर नाही. तिने चौकटी सगळ्या उडवल्या. तोडीत काय, कुठल्याही रागात काय, हलत नाहीत असे सूर दोनच, षड्ज आणि पंचम. म्हणून पानावर तिने आडव्या ओळी आखल्या त्या त्यांच्याच, खालचा सा, प, वरचा सा. मधली सगळी जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेत गळ्याची रेघ जाईल तशी जाऊ द्यायची; जोर असेल तिथं जाड, श्वास विरेल तिथं बारीक, एका सुराला दुसऱ्याचा स्पर्श झाला तर एवढासा आकडा. खाली मात्रांच्या खुणा, बस्स. तिने तिचं नाव ठेवलं रेघलिपी.

आठवडाभराने ती परत गेली. पट्टी बांधून घ्यायला ताईंना गळ घालावी लागली. पण बांधली, डोळे मिटले, आणि गंधाराची रेघ पडद्यावर आली तेव्हा ती नदीच्या संथ पाण्यासारखी हलत होती, खाली झुकत, परत येत. ताईंनी डोळे उघडून पाहिलं. मग बोट उचलून त्यांनी ते रेघेवरून हळूच फिरवलं.

"गा," त्या म्हणाल्या.

ऋजुता ती रेघ वाचत गायली. ताईंनी मान हलवली, पुन्हा मनात घेतलं, रेघ पुन्हा आली, ऋजुता पुन्हा गायली. दुपारचा स्वयंपाक राहिला. गवसण्या निघाल्या. तीन वर्षं बंद पडलेली तालीम त्या हॉलमध्ये सुरू झाली, आणि शेजारच्या बाईंना वाटलं की शालनताईंकडे कुणी गाणारी पाहुणी आली आहे.

दिवाळीपर्यंत जुने विद्यार्थी परत येऊ लागले, नवेही आले. सगळ्यांत लहान शर्वी, तिसरीत शिकणारी, समोरच्या इमारतीतली. तिला सरगम वाचायचा कंटाळा, पण रेघ ती पहिल्या दिवसापासून वाचू लागली. सन्मतीचा फोन आला की ताई त्याला कुजबुजून सांगायच्या, संक्रांत होऊ दे, आणि संक्रांत झाली की, पाडवा होऊ दे. ऋजुताच्या मनात रोज सण होता.

इथवरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण यंत्राला घराबाहेर जायची ओढ असते, आणि चौगुलेंना त्याला घराबाहेर न्यायची त्याहून जास्त.

त्यांच्या लक्षात आलं की गाणं ऐकतानासुद्धा माणसाचा गळा आतल्या आत गात असतो. मग पट्टी ऐकणाऱ्याला बांधली तर? पानावर दोन रेघा येतील. समोरच्याचं गाणं काळ्या रेघेत, ऐकणाऱ्याच्या मनातलं निळ्या. दोन्ही जुळल्या तर निळीची हिरवी होईल. जिथं फारकत होईल तिथं निळीची लाल होईल. ऐकणाऱ्याला समोरचं गाणं खरंच पटलं की नाही, ते रंगावरून कळेल. ऋजुताने ते करून दिलं. ऐकलेला सूर कानातून मेंदूत, मेंदूतून गळ्यात पोचायला वेळ लागतो, म्हणून तिने कचेरीतल्या मंडळींवर चाचण्या घेतल्या. सगळ्यांच्या निळ्या रेघा साधारण अर्धा सेकंद उशिरा येत होत्या. तेवढी रेघ डावीकडे सरकवून घ्यायची सोय तिने आतच घालून टाकली.

बाजारात आल्यावर त्या पट्टीने वर्षभर महाराष्ट्राची भरपूर करमणूक केली. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो, आणि इथे सगळ्यांच्या मुठी एकदम उघडल्या. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींच्या गळ्यांना पट्ट्या बांधल्या जाऊ लागल्या. एका सासूबाईंची रेघ सुनेच्या भावगीताला हिरवीगार आली आणि त्यांचा घरातला सगळा धाक गेला. एक वाहिनी गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांना पट्टी बांधून बसवू लागली. तिथल्या सर्वांत ज्येष्ठ परीक्षक बाई एका मुलाला 'फार सुंदर गायलास' म्हणाल्या आणि मागच्या पडद्यावर त्यांची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत लालभडक. शेजारी बसलेला नटवर्य, ज्याला यमन आणि भूप यांतला फरक कळत नव्हता, तो मात्र हिरवा. लोकांनी बाईंना ढोंगी ठरवलं. त्या घरी जाऊन बसल्या.

ऋजुताला ते पाहून हळहळ वाटली, पण थोडीच. यंत्र काय खोटं बोलतं, असंही तिला वाटलं. मग तिच्या मनात एक किडा वळवळू लागला.

सव्वीस वर्षांत शालनताईंनी तिच्या गाण्याला दोनच शब्द दिले होते. एक 'परत', आणि दुसरा 'छान'. 'परत' खरा होता, त्याबद्दल तिला कधी शंका आली नाही. 'छान'चं काय?

पुढच्या वर्षी, माघातल्या एका सकाळी ताईंनी तिला तोडीची मध्यलयीतली बंदिश म्हणायला सांगितली, जी आता पूर्ण झाली होती. ताईंच्या गळ्याला पट्टी होतीच. ऋजुताने पेल्यातलं पाणी प्यायचं निमित्त करून दोन रेघांची सोय चालू केली आणि गायला बसली. चांगली गायली, तिचं तिलाच कळत होतं. फक्त अंतऱ्यात, वरच्या षड्जाकडे चढताना, निषादावर तिचा श्वास पुरला नाही. षड्ज घ्यायचा तो न घेता ती निषादावरच थोडी लोंबकळली आणि तशीच खाली वळली. असं तिथं तिचं घरी रियाज करतानाही झालेलं होतं, आणि प्रत्येक वेळी ती मनात खट्टू झालेली होती.

"छान," शालनताई कुजबुजल्या.

ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. पान लाल होतं. एखाददुसरी ओळ नव्हे, अख्खं पान, अस्ताईपासून शेवटपर्यंत. रंग पाहिल्यावर माणूस अक्षर वाचत नाही. तिनेही रेघेचा आकार पाहिला नाही. तिने पडदा मिटला, ताईंना वाकून नमस्कार केला, आणि काम आहे असं सांगून ती निघाली.

त्यानंतर ती गेली नाही. मीटिंगा निघाल्या, सर्दी झाली, सासूबाईंचे गुडघे दुखू लागले. खरं कारण एकच होतं. सव्वीस वर्षं या बाईने आपलं मन राखलं. आपल्या एकाही सुरावर तिचा सूर कधी पडला नाही, आणि तोंडाने मात्र छान. आपण ज्याला तालीम म्हणत होतो ती दया होती. मग ही तोडी घेऊन तरी काय करायचं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, कारण अंगण सरळ करून देणारं यंत्रही तिनेच बनवलेलं होतं.

ऋजुता येईना तशी पट्टी आणि पडदा सांभाळायला कुणी राहिलं नाही आणि शिकवणी मंदावली. सन्मतीने तिकीट काढलं. हे तिला शर्वीच्या आईकडून कळलं, आणि त्या रविवारी सकाळी ती विश्रामबागेत गेली. निरोप घ्यायचा, असं तिने स्वतःला बजावलं होतं. जिना चढेपर्यंत ते ती विसरली.

"तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही, ताई?" ती दारातूनच म्हणाली. "मी चुकीची गाते म्हणून?"

शालनताई सोफ्यावर साड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. ऋजुताने लॅपटॉप उघडून ते लाल पान त्यांच्यासमोर धरलं आणि सगळं सांगून टाकलं, चोरून सोय चालू केल्याचंसुद्धा. ताई रागावतील असं तिला वाटलं होतं. ताई चष्मा शोधू लागल्या.

त्या रंगाकडे पाहतच नव्हत्या. त्या रेघ वाचत होत्या, शर्वी वाचते तशी, बोट ठेवून. बोट अस्ताईच्या सुरुवातीवरून निघालं, थांबलं, मागे आलं, पुन्हा निघालं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"रेघ माझीच आहे," त्या कुजबुजल्या. "पण चुकीच्या ठिकाणी ठेवलीस की गं. इथं तू गंधारावर आहेस. आणि माझ्या रेघेत बघ, मी तुझ्या पुढच्या शब्दावर आहे. इथं तू पंचमावर. मी पुढे. सगळीकडे मी पुढेच आहे."

"पुढे कशा असाल? तुम्ही ऐकत होता."

"ऐकताना मी पुढंच असते." श्वास घेण्यासाठी त्या थांबल्या, कुजबुजण्यालाही श्वास लागतो. "पोराला घास भरवताना आई आपलं तोंड आधी उघडते की नाही? मग पोर उघडतं. तसं. तू घ्यायच्या आधी मी घेऊन ठेवते. पहिल्यापासून."

ऋजुता जमिनीवर बसली आणि तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. डोक्यात आकडे एकदम गरगरू लागले होते. अर्धा सेकंद. कचेरीतल्या मंडळींचा गळा सुरामागून अर्धा सेकंद येत होता, म्हणून तिने सगळ्या जगाची रेघ तेवढी डावीकडे सरकवली होती. ज्याचा गळा मागून येतो त्याची ती जुळली. पण ज्याचा गळा आधीच पुढे आहे, त्याची ती आणखी पुढे ढकलली गेली, आणि प्रत्येक सुराखाली भलताच सूर येऊन बसला. तिने ती सोय काढून टाकली. लाल थोडं कमी झालं. मग तिने ताईंची रेघ बोटाने धरून उजवीकडे, उलट्या बाजूला, हळूहळू सरकवायला सुरुवात केली.

पान हिरवं होऊ लागलं. आधी अस्ताई, मग बोलांची बढत, मग ताना. गंधारावर गंधार बसला, हलण्यावर हलणं बसलं. दोन गळ्यांची मिळून एकच रेघ दिसू लागली, आणि ऋजुताच्या तोंडून आवाज निघाला तो काही शब्द नव्हता.

तिला परीक्षक बाई आठवल्या. वाहिनीने त्यांचं पान जगजाहीर केलेलंच होतं. तिने ते उतरवून घेतलं आणि तेही सरकवलं. तेही हिरवं. नटवर्याचं सरकवलं, ते लाल. तिने तिथल्या तिथे चौगुलेंना फोन लावला. तिला दम धरवत नव्हता. ज्यांना गाणं कळतं त्यांचा गळा पुढे असतो, तिने सांगितलं. मागून फरफटत येतात त्यांना आपण वर्षभर रसिक ठरवलं आणि जाणकारांना खोटं. हे आपण मापलेलं काहीतरी निराळंच आहे, चौगुले. माणसाला गाणं किती कळतं हे सांगणारा आकडा आपल्या हातात होता आणि तो आपण चूक म्हणून पुसून टाकत होतो. उद्याच्या उद्या माफी छापा, आधी त्या बाईंची. चौगुलेंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी बाईंचा पत्ता विचारला.

फोन ठेवून ती वळली तर शालनताई पडद्याकडेच बघत होत्या. एक जागा लाल राहिली होती. अंतऱ्यात, निषादावर.

"तिथं माझा श्वास संपला," ऋजुता म्हणाली. "ती चूकच आहे."

"नीट बघ."

तिने रेघ मोठी केली. ताईंची रेघ निषादावरून वर निघाली होती, षड्जाच्या ओळीपर्यंत पोचली होती, आणि तेवढीच लाल होती. ऋजुताची काळी रेघ आलीच नाही. ती निषादावर थांबून खाली वळली. आणि तिथून पुढे ताईंची रेघच नव्हती. बारीक झाली नव्हती, हलली नव्हती. गळा पूर्ण गप्प झाला होता, आणि बऱ्याच मात्रांनी, समेजवळ, पुन्हा सुरू झाला होता.

"पट्टी सुटली का काय?" ऋजुताने विचारलं.

शालनताईंनी नकारार्थी मान हलवली. "मी वर षड्ज घेऊन थांबले होते. तू आलीच नाहीस. श्वासामुळे असेल, कशामुळे असेल, पण खाली कशी उतरलीस ते मला ठाऊक नव्हतं. मग मी ऐकत बसले." त्यांनी लाल जागेवर बोट ठेवलं. "बाकीचं हे सगळं हिरवं माझं आहे, ऋजुता. मी दिलेलं. एवढं तुझं आहे. छान म्हटलं ते ह्याला."

ऋजुताने तोंडावर पदर घेतला आणि ती मनसोक्त रडली. ताईंनी तिला रडू दिलं आणि साड्या परत कपाटात ठेवायला सुरुवात केली.

तेवढ्यात शर्वी आली, चपला दारात भिरकावून, रविवारच्या शिकवणीला. शालनताईंनी शिकवणीसाठी सकाळीच बांधलेली आपल्या गळ्याची पट्टी सोडली, ऋजुताला पुढे बसवलं आणि ती तिच्या गळ्याला बांधली. लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि त्या तिच्या मागे जाऊन बसल्या.

"आज तू शिकव," त्या कुजबुजल्या. "मला बघायचंय."

मोबाइल वाजला. पडद्यावर सन्मतीचं नाव होतं. ताईंनी तो उलटा करून ठेवला. नंतर करते म्हण, मी कामात आहे, असं त्यांनी ऋजुताला सांगितलं, आणि ऋजुताने बेंगळुरूला तसं कळवून टाकलं.

शर्वीने भूप सुरू केला. लहान मुलांचा असतो तसा, सरळ आणि मोठ्या आवाजात. ऋजुताला पडदा दिसत नव्हता, पण पहिल्यांदाच तिचं आपल्या गळ्याकडे लक्ष गेलं. पोरगी गंधारावर यायच्या आधी आपला गळा गंधारावर जाऊन बसतोय, पंचमाच्या आधी पंचमावर, हे तिला आतून कळत होतं. तिने ते ठरवून केलं नव्हतं. कधीपासून करत होती, तेही तिला माहीत नव्हतं.

पोरगी उतरू लागली. ग, रे. आता सा. ऋजुताचा गळा षड्जावर जाऊन थांबला. शर्वी रिषभावर रेंगाळली, षड्ज ओलांडून खालच्या धैवतावर गेली, तिथं एक छोटासा हेलकावा घेतला, आणि मग सावकाश वर येऊन षड्जावर बसली. खोलीत तानपुरा चालू होता. ऋजुताच्या गळ्यात काहीच चालू नव्हतं.

शर्वी घाबरून थांबली. "मावशी, चुकलं ना?"

मागून शालनताईंचं आवाज नसलेलं हसू ऐकू आलं, नुसतं श्वासाचं. ऋजुताने वळून पडद्याकडे पाहिलं नाही. ती पुढे सरकून पोरीच्या अगदी जवळ बसली.

"परत घे," ती म्हणाली.